तक्त्यावरची पहिली ओळ

भिंगरीने आयुष्यातला पहिला वर्ग भरवला तो चार विद्यार्थ्यांचा, आणि चौघेही उशिरा आले. चौघे राहायचे वरच्याच मजल्यावर, वर्ग होता खाली घरच्या चष्म्याच्या दुकानात, मध्ये फक्त सतरा पायऱ्या. तरी बाबांची दाढी राहिली होती, आईची इस्त्री तापलेली होती, आत्याला मुळात यायचंच नव्हतं, आणि आजोबा, म्हणजे अण्णा, कठडा धरून एकेक पायरी पुटपुटत उतरत होते.

"अण्णा, हात देऊ?" भिंगरीने खालून विचारलं.

"पायऱ्या मला पाठ आहेत. तू तुझा धडा पाठ कर," अण्णा म्हणाले आणि शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी पायाने जमीन चाचपली.

रविवार होता, दुकान बंद होतं. नऊ दिवसांनी भिंगरी निघणार होती. पदवीचा निकाल लागून दोन महिने झाले होते आणि समुद्रापलीकडच्या एका शाळेत लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं काम तिला मिळालं होतं. त्या मुलांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता आणि हिला त्यांच्या भाषेचा. शाळेचा नियम असा की पहिल्या दिवसापासून वर्गात फक्त इंग्रजी. बाकी काय ते चित्रं, खुणा आणि हातवारे. पत्रात आणखी एक ओळ ठळक छापलेली होती: वर्ग सोळा तारखेला सुरू होतील, त्या दिवशी जो हजर नसेल त्याची जागा दुसऱ्याला दिली जाईल. ती ओळ घरात सगळ्यांनी वाचली होती, अण्णांना वाचून दाखवली होती.

म्हणून आज सराव. इंग्रजी अजिबात न येणारा खरा विद्यार्थी घरात एकच, अण्णा. बाकीच्यांनी येत नसल्याचं सोंग करायचं होतं. बाबांना ते फारसं जड जाणार नाही, असं आई म्हणाली.

अण्णांनी पन्नास वर्षं काचा घासल्या होत्या. त्यांचं इंग्रजी म्हणजे नंबर तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं. वर मोठं ई, त्याखाली एफ, पी, त्याखाली टी, ओ, झेड. चार वर्षांच्या भिंगरीला मांडीवर घेऊन त्यांनी तेवढंच शिकवलं होतं, त्याच क्रमाने. शाळेत बाईंनी विचारलं, इंग्रजीतलं पहिलं अक्षर कोणतं, तर ही ठासून म्हणाली, ई. बाईंनी चूक म्हटलं. घरी येऊन हिने जाहीर केलं की बाईंना चष्मा लागला आहे. ही गोष्ट अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, काहींना तर दोनदा.

तपासणीची खोली लांबट आणि अरुंद होती. एका टोकाला उंच पाठीची खुर्ची, दुसऱ्या टोकाला दिव्याची पेटी, आणि पेटीच्या काचेमागे तो तक्ता. सकाळीच भिंगरीने तक्ता सरकवून काढला होता आणि त्या जागी आपला कागद बसवला होता. त्यावर काळ्या शाईने मोठं बी, खाली एम आणि एस. फळा नाही, तर हाच फळा.

वर्ग सुरू झाला. भिंगरीने छातीवर हात ठेवून "आय" म्हटलं, दोन बोटं डोळ्यांकडे नेऊन "कॅन सी" म्हटलं, आणि खिडकीकडे दाखवून "अ विंडो." मग तिने तळहात कानामागे धरला. म्हणजे आता तुम्ही म्हणा.

"आय कॅन सी अ विंडो," वर्ग म्हणाला. अण्णांचा आवाज सगळ्यांच्या मागून, अर्धं वाक्य संपल्यावर आला.

आईने मनात म्हटलं, वय झालं. आणि मग ती लेकीकडेच बघत राहिली. गेला महिनाभर ती हिची बॅग भरत होती आणि रोज काहीतरी बाहेर काढत होती. वजन जास्त होतंय, असं सांगायची. खरं म्हणजे भरलेली बॅग तिला बघवत नसे, म्हणून ती पुन्हा उघडायची. आत्ता मात्र समोर उभी होती ती कुणी वेगळीच, पाठ ताठ केलेली, एकेका शब्दाला अवकाश देणारी. ही असं कधी शिकली? मी कुठे होते तेव्हा? आईला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी रडूही आलं. रडायला परवानगी नव्हती, कारण या नव्या बाईंनी वर्गात मराठीला बंदी केली होती आणि रडणं कुठल्या भाषेत मोजायचं ते ठरलेलं नव्हतं.

पुढे "आय कान्ट सी" आलं. भिंगरीने डोळे घट्ट मिटून हात पसरले. बाबांनी तेच करताना मुद्दाम टेबलाला धडक दिली आणि काचा पुसायच्या कापडांची चळत पाडली. सगळ्यांत छान म्हणाले ते अण्णा. डोळे मिटलेही नाहीत, शांतपणे म्हणाले, "आय कान्ट सी."

मग "गो." भिंगरीने कर्रकन दार उघडलं, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "यू कॅन गो." बाबा खरोखरच चहा टाकायला निघाले, त्यांना कॉलर धरून परत आणावं लागलं. आत्यासुद्धा हसली. "कशाला मेलं एवढ्या लांब जायचं, इथल्या पोरांना काय इंग्रजी नको झालंय," असं महिनाभर म्हणणारी आत्या तोंडावर हात धरून हसत होती.

आता दिव्याची पेटी लावली. अण्णांना मानाने उंच खुर्चीत बसवलं. भिंगरी पेटीजवळ उभी राहिली, बी या अक्षरावर बोट ठेवलं.

"अण्णा. व्हॉट कॅन यू सी?"

"आय कॅन सी ई," अण्णा ठासून म्हणाले.

खोलीत हशा पिकला. भिंगरीने मान हलवली, बोट पुन्हा आपटलं. अण्णा पुढे झाले. "एफ. पी. टी, ओ, झेड."

"अहो अण्णा, तो तक्ता नाही तो!" बाबा मराठीवर उतरले. "पोरीने नवा कागद लावलाय. तुमची गाडी जुन्याच रुळांवर."

"हो का? अरे वा," अण्णा म्हणाले आणि तेही हसले. सगळ्यांचं हसून झाल्यावर.

आत्याचं हसणं त्याआधीच थांबलं होतं.

दुकानात नंबर काढायचं काम आत्याचं. लग्न केलं नाही, वर्षभराचा अभ्यासक्रम जा-ये करून पुरा केला आणि पंचवीस वर्षं त्या खुर्चीसमोर उभी राहिली. तिने खुर्चीत माणसं बसलेली बघितली होती, आणि माणूस बघतो कसा आणि आठवतो कसा यातला फरक तिला कळायला हवा होता. बघणारा डोळे बारीक करतो, मान तिरकी करतो, एखाद्या अक्षराला अडखळतो. अण्णा कधीच अडखळले नव्हते. दर सहा महिन्यांनी ती त्यांना इथेच बसवायची, ते आठव्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणायचे, आणि ती कार्डावर लिहायची, उत्तम. तीस वर्षांपूर्वी तो तक्ता पेटीत ज्यांनी स्वतः लावला त्यांनाच ती तो वाचायला सांगत होती. परक्या माणसाच्या बाबतीत असं कुणी केलं असतं तर तिने त्याला दुकानातून हाकललं असतं.

"अण्णा," ती म्हणाली, "वरचं अक्षर कोणतं आहे?"

"सांगितलं की."

"आत्ताचं. या कागदावरचं."

अण्णांनी खुर्चीचा हात चाचपला. मग हळू आवाजात म्हणाले, "उजेड आहे."

आत्या उठली. पेटीपाशी जाऊन तिने तीन बोटं वर केली आणि एकेक पाऊल खुर्चीकडे येऊ लागली. प्रत्येक पावलाला विचारत होती, किती? अण्णा काही बोलत नव्हते. बाबांनी बोटं मोजून मनात तीन म्हटलं, आईने म्हटलं, भिंगरीने म्हटलं. सगळ्या खोलीला उत्तर माहीत होतं आणि खुर्चीतल्या माणसाला नव्हतं. आत्याचा हात त्यांच्या तोंडापासून दीड हातावर आला तेव्हा अण्णा म्हणाले, "तीन."

तिने खणातून छोटी बॅटरी काढली. घरच्या माणसाच्या डोळ्यांत बॅटरी मारायची तिला कधी गरज वाटली नव्हती. एक डोळा बघितला, मग दुसरा. दोन्ही बाहुल्यांमागे पांढरट पडदा होता.

"मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. चांगला पिकलाय." तिचा आवाज तपासणीचा होता. "कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं की. कोण कुठे आहे ते कळतं."

"अण्णा."

"वर्ष झालं असेल," अण्णा म्हणाले.

वर्षापूर्वीच त्यांनी फ्रेमचे बारीक स्क्रू बसवणं सोडलं होतं. हात थरथरतो म्हणाले होते. तेच अण्णा काठोकाठ भरलेला चहाचा कप एक थेंब न सांडता तोंडाला लावायचे, हे सगळ्यांनी रोज बघितलं होतं आणि कुणीही बघितलं नव्हतं.

भिंगरीला मात्र दुसरंच आठवलं. वर्षभर रोज सकाळी ती अण्णांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत होती. पहिल्या पानापासून हवामानापर्यंत. "शिक्षिका व्हायचंय ना? मग आवाज मागच्या बाकापर्यंत गेला पाहिजे. वाच," असं तेच म्हणाले होते, आणि आपण सराव करतोय असं समजून ती वाचत होती.

"तुम्ही मला फसवलंत," ती म्हणाली.

"आवाज झाला की नाही मोठा?" अण्णा म्हणाले.

तिला हसू आलं नाही. तिने दिव्याची पेटी बंद केली. "मी जात नाही," ती म्हणाली. "आज शाळेला कळवते."

"न जाण्याचं काही कारण नाही," बाबा घाईने म्हणाले. आत्तापर्यंत तिच्या जाण्याच्या बाजूने घरात सर्वांत मोठा आवाज त्यांचाच होता. "पण पुढे ढकलू या. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया होईल, नीट बरं वाटेल. चार महिने काय मोठे? त्यांना सांगू घरी अडचण आहे."

"त्यांचं पत्र तू वाचलंस ना बाबा? सोळा तारीख."

"मग दुसरी शाळा मिळेल."

"ती जाणार आहे," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे वळून बघितलं. महिनाभर बॅग उपसणारी हीच बाई.

"आधी मीच म्हणत होते जाऊ नकोस, ते मला माहीत आहे," आई म्हणाली. "पण मघाशी मी तिला शिकवताना बघितलं. आता माझ्याच्याने म्हणवत नाही. अण्णांचं सगळं मी करीन."

"तू एकटी काय काय करशील?" बाबांचा आवाज चढला. "आणि उद्या काही कमीजास्त झालं तर ती तिकडे बसून रडेल, चालेल तुला?"

अण्णा खुर्चीत बसून दोघांचं भांडण ऐकत होते. सुनेने नातीच्या जाण्याची बाजू घ्यावी आणि मुलाने ती सोडावी, याची त्यांना गंमत वाटली. वर्षभरात ते आवाज ओळखायला शिकले होते. बॅगेचाही आवाज त्यांना ओळखता येत होता. भरतानाचा वेगळा आणि उपसतानाचा वेगळा. उपसतानाचा त्यांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी एकदा ऐकला होता, पलीकडच्या खोलीतून. लेकीला, भिंगरीच्या आत्याला, दूरच्या शहरात डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात दोन वर्षांच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. निघायला पाच दिवस असताना तिची आई घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. लेकीने काही न बोलता बॅग रिकामी केली. आई तीन महिन्यांत हिंडूफिरू लागली, पण ती जागा गेली ती गेलीच. घरात पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. सगळे मूग गिळून बसले, त्यात ते स्वतः पहिले.

"आता मी बोलू का?" अण्णा म्हणाले. "डोळे माझे आहेत म्हणून विचारतो."

"बोला," बाबा म्हणाले.

"ही गेली की दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. तारीखसुद्धा ठरवली होती मनात. एकदा या घरात दुखण्यापायी बॅग रिकामी झाली, ती मी ऐकलीय. पुन्हा ऐकायची नव्हती." ते थांबले. मग आत्या जिथे उभी असेल असं वाटलं त्या दिशेला त्यांनी तोंड वळवलं. "आणि तुला एक सांगायचं राहिलंय. तू तेव्हा थांबलीस ना, मला बरं वाटलं होतं. वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं. ते मला आजवर टोचतंय."

आत्या त्यांच्या दुसऱ्याच बाजूला उभी होती. ती फिरून पुढे आली, त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसली, गिऱ्हाइकासमोर बसते तशी, गुडघ्याला गुडघा लावून.

"मला माहीत होतं, अण्णा," ती म्हणाली.

"माहीत होतं?"

"तुम्ही त्या आठवड्यात दोनदा शीळ घातलीत. एरवी घालत नाही."

अण्णांच्या तोंडातून आवाज निघाला तो हसण्याचा की हुंदक्याचा, हे कुणालाच कळलं नाही.

"मग आता माझंही ऐका," आत्या म्हणाली. बोलत होती अण्णांशी, पण बघत होती भिंगरीकडे. "मला त्या शहराची भीती वाटत होती. आम्ही कुणी घराबाहेर राहिलेलो नव्हतो. रात्र रात्र झोप येत नव्हती. आई पडली तेव्हा काळजात चर्र झालं, खरं आहे. पण त्याच्या मागोमाग जीव भांड्यात पडला, हेही खरं आहे. मला न जायला चांगलं कारण मिळालं. इतकं चांगलं की सगळ्यांनी मला शहाणी, गुणाची म्हटलं. अठ्ठावीस वर्षं म्हणतायत. खरी गोष्ट कुणाला सांगायची सोयच उरली नाही."

बाबांनी बहिणीकडे असं बघितलं, जणू तिला पहिल्यांदा बघत होते. "ताई, तू कधी बोलली नाहीस."

"विचारलंस कधी?" आत्या म्हणाली, पण रागाने नाही. मग तिने भिंगरीचा हात धरून तिला जवळ ओढलं. "आता तू सांग. खरं सांग. तुला भीती वाटते का?"

भिंगरीने नाही म्हणायला तोंड उघडलं. समोर आत्याचा चेहरा होता, पंचवीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघणारा.

"खूप," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मी बोलेन आणि तिथे एकालाही काही कळणार नाही, असं वाटतं. तीस मुलं नुसती बघत बसतील. आज तर घरातली माणसं होती, आणि अण्णांनी माझ्या वर्गात एक अक्षरसुद्धा..."

"मग अण्णांच्या डोळ्यांमागे लपू नकोस," आत्या म्हणाली. "मी आईच्या मांडीमागे लपले होते. तिथे जागा भरपूर असते, पण बाहेर यायला दार नसतं."

आईने डोळे पुसले. बंदी उठली होती बहुतेक. मग आत्या उठून कामाला लागली. उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करते, ती म्हणाली. एक डोळा आधी, दुसरा महिन्याने. दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब, ते मी घालीन, कारण हे कार्ड मी लिहिलंय. तिने खणातून अण्णांचं तपासणीचं कार्ड काढलं, वरचा "उत्तम" हा शेरा खोडला आणि खाली खरं ते लिहिलं. बाबा म्हणाले, थेंब दोघांत वाटून घेऊ, सकाळचे माझे. आई म्हणाली, वर्तमानपत्र मी वाचीन. अण्णा म्हणाले, तुझा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही. आई म्हणाली, जाईल.

भिंगरी अजून पेटीजवळच उभी होती. जाते असं ती म्हणाली नव्हती, आणि तिला कुणी विचारतही नव्हतं.

"बाई," अण्णांनी हाक मारली. "वर्ग सुटला का?"

"सुटला, अण्णा."

"मला एक शंका आहे. मघाशी तुम्ही काहीतरी खूण करत होता. सगळे एकदम बोलायचे आणि मी मागे राहायचो. काय करत होता?"

"हात कानामागे धरत होते. म्हणजे मी म्हटलं ते तुम्ही म्हणायचं."

"असं होय." अण्णांनी हात वर केला, कान चाचपला आणि तळहात त्यामागे धरून बघितला. "असा?"

"असाच."

"इकडे ये. जवळ. दीड हातावर."

ती आली. आत्या स्टुलावरून बाजूला झाली. अण्णा डोळे बारीक करून, मान तिरकी करून तिच्या चेहऱ्याकडे बघू लागले. या खुर्चीत बसून ते पहिल्यांदाच असे बघत होते. त्यांनी आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"आय कान्ट सी," ते म्हणाले. मग तोच हात त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवला. शब्द शोधत होते, एकेक जागेवर बसवत होते, फ्रेममध्ये काच बसवायचे तसे सावकाश. "यू... कॅन... गो."

अण्णांनी हात कानामागे नेला आणि वाट बघत बसले. मागे बाबा, आई, आत्या तिघेही उभे होते.

"आय कॅन गो," ती म्हणाली. आवाज जेमतेम खुर्चीपर्यंत पोहोचला.

अण्णांनी कानामागचा हात काढला नाही.

"मागच्या बाकावर ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "पुन्हा."